आंब्याचं कोय कलम घरच्या घरी, पण आधी ब्लेड नवं घ्या

मे संपत आला की कोकणात बाठ्यांना तोटा नसतो, परसात, खळ्याच्या कडेला, माडाच्या आळ्यात, जिथे बघाल तिथे पडलेले, आणि पाऊस सुरू झाला की त्यातून तांबूस लाल कोंब वर येतात. बहुतेक जण ते उपटून फेकतात. फेकू नका, कलमाला लागणारा खुंट, म्हणजे खालचं मुळासकट रोप, तो हाच. त्यावर हव्या त्या आंब्याची काडी, म्हणजे कापलेली फांदी, जोडायची, आणि बाठ्यातून नुकत्याच आलेल्या रोपावर जोडतात म्हणून हे कोय कलम.

आता कोणीही विचारेल, हापूसचा बाठा लावला तर हापूसच येणार ना, मग कलमाची भानगड कशाला? नाही येत. हापूसच्या बाठ्यात एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून झालेला, बाप बांधावरचा रायवळ, म्हणजे बाठ्यातून वाढलेला गावठी आंबा, पण असू शकतो, त्यामुळे झाड निघेल ते निराळंच. वर ते फळ धरायला सात-आठ वर्षं तरी लावतं. कलम चार-पाच वर्षांत धरतं, कारण काडी ज्या झाडाची असते ते आधीच वयात आलेलं असतं आणि कापून दुसरीकडे लावली तरी काडीचं ते वय काही मागे जात नाही.

सगळा खेळ आहे तो कॅम्बियमचा. साल आणि लाकूड यांच्या मध्ये जेमतेम काही पेशींचा ओला थर असतो, खोड जाड होतं ते यानेच. खुंटाचा आणि काडीचा हा थर एकमेकांना टेकला की दोन्हीकडून कच्च्या पेशींचा गोळा तयार होतो, त्याला कॅलस म्हणतात, त्यातूनच पुढे कॅम्बियमचा सांधा जुळतो आणि पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्या जोडल्या जातात. माड, पोफळ, केळ यांच्या खोडात असा सलग थरच नाही, म्हणून माडाचं कलम तुम्हाला कुठल्या नर्सरीत दिसत नाही.

हे कळलं की हत्यारांचं महत्त्व आपोआप कळतं. भाजीच्या सुरीने पेशी कापल्या जात नाहीत, चेंगरतात, आणि चेंगरलेल्या पेशी काळ्या पडून मरतात, मग कॅलस येणार कुठून! कलमाचा चाकू एकाच बाजूने धार दिलेला असतो म्हणून काप सपाट येतो. कोय कलमात खुंट इतका कोवळा असतो की दाढीचं नवं ब्लेड पण झकास चालतं. सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, फक्त झाडावरून काडी काढायला, शेवटचा काप त्याने नाही, कारण दोन पात्यांत काडी दाबली जाते. ब्लेड स्पिरिटने पुसायचं आणि कापलेल्या जागेला बोट लावायचं नाही. माझ्या मते निम्मी कलमं चाकूपायी जातात आणि लोक दोष देतात पावसाला.

काडीची तयारी मात्र आधीपासून. तीन-चार महिन्यांची फांदी निवडायची, आठ-दहा दिवस आधी तिची पानं कापायची, देठ ठेवायचे. पानं नाहीत म्हटल्यावर शेंड्याचा डोळा फुगायला लागतो, आणि देठ बोट लावताच गळून पडले की समजायचं काडी तयार आहे, आता उशीर करू नका.

रोप दहा-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबडी असतानाच घ्यायचं. शेंडा उडवून मधोमध चार-पाच सेंटिमीटरची चीर द्यायची, काडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढीच पाचर करायची, एका झटक्यात, पेन्सिलीला टोक काढतात तसं खरवडत बसायचं नाही. पाचर चिरेत सरकवली की किमान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे. काडी बारीक आणि खुंट जाड असेल तर मधोमध बसवून दिसतं छान, पण कॅम्बियम कुठेच टेकत नाही. मग प्लॅस्टिकची दीड-दोन सेंटिमीटर रुंद पट्टी ताणून खालून वर गुंडाळायची आणि काडीवर पेप्सीकोल्याची लांबट पिशवी टोपीसारखी घालायची.

टोपी का, तर काडीला अजून मुळाकडून पाणी मिळत नसतं, आणि सांधा जुळेपर्यंत ती सुकली तर संपलंच. खालच्या कोंबाला तोवर बाठ्यातला साठा पुरतो, म्हणून बाठा तोडायचा नाही. आणि जुलै-ऑगस्टची आपली दमट हवा म्हणजे फुकटचं ग्रीनहाऊस. हिमाचलात सफरचंदाचं कलम थंडी सरता सरता करतात, झाड पानं टाकून झोपलेलं असतं तेव्हा. आंबा तसा झोपत नाही, म्हणून आपल्याला दमटपणाचा आधार. पूर्वी भेट कलम करायचे, रोपाची कुंडी मांडवावर चढवून फांदीला बांधायची आणि दोन-तीन महिने थांबायचं. कोय कलम कोकणात रुजवण्यात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा मोठा वाटा आहे.

दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला की टोपी काढा. सांध्याच्या खालून फुटवा आला तर तो खुंटाचा, लगेच खुडा, नाहीतर सगळं खाणं तोच ओढतो. पट्टी पुढे तीन-चार महिन्यांनी ब्लेडने उभी चिरायची, विसरलात तर खोडाला काच बसतो. लावताना सांधा मातीच्या वर.

परसात जुना रायवळ असेल तर त्याच्या फांद्या छाटून नव्या फुटव्यांवर पण कलम होतं, एका फांदीवर हापूस, दुसरीवर रत्ना. रत्ना म्हणजे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने 1981 साली दिलेला नीलम आणि हापूसचा संकर, त्यात साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि आंबट राहणं, होत नाही. फक्त एखादी फांदी जोर धरून बाकीच्यांना दाबायला लागली तर तिलाच छाटायची, हापूस असली तरी.