ठेंगणा आंबा : परसबागेतील लागवड

आंब्याचे (मॅन्जिफेरा इंडिका) कलम सुरुवातीपासून छाटणी करून साधारण २.५ ते ३ मीटर उंचीच्या आत राखणे, म्हणजे ठेंगण्या आंब्याची लागवड. मोकळा वाढू दिलेला आंबा ३० मीटरपर्यंत जाऊ शकतो. छोट्या अंगणात त्याची सावली, मुळे आणि हाती न लागणारी फळे या तिन्हींची अडचण होते.

काही जाती मुळातच कमी वाढतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून काढलेली आम्रपाली ही त्यांतली सर्वांत परिचित जात. ती २.५ × २.५ मीटर अंतरावरही लावता येते. गंमत म्हणजे याच दोन जातींत नर-मादीची अदलाबदल करून काढलेली मल्लिका मात्र आम्रपालीपेक्षा बरीच जोमदार वाढते. कॅरिबियन बेटांवरील ज्युली आणि फ्लोरिडातील पिकरिंग व कॉगशॉल यांचाही घेर आटोपशीर असतो. मात्र जात ठेंगणी आहे म्हणून कात्री बाजूला ठेवली, तर काही वर्षांत हेही झाड हाताबाहेर जाते. उलट, जोमदार जातीचे कलमही नियमित छाटणीने बऱ्यापैकी खुजे राहते. जपानमध्ये काचगृहांत अर्विन या जातीच्या फांद्या बांधून-वाकवून झाड बुटके ठेवतात आणि प्रत्येक फळाला जाळीची झोळी लावतात, म्हणजे पिकलेले फळ आपोआप सुटून त्यात पडते.

कोयीपासून वाढवलेले रोप या कामाला सहसा घेत नाहीत. ते फळायला बराच काळ लावते आणि उंचही फार होते. कलम लावल्यावर ते नीट रुजून वाढीला लागले, की जमिनीपासून ६० ते ७० सेंटिमीटरवर शेंडा खुडतात. हा काप कुठे घ्यायचा, याला महत्त्व आहे. आंब्याची पालवी टप्प्याटप्प्याने फुटते आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पाने व डोळे दाटीने येऊन एक कडे तयार होते. कड्याच्या वर कापले तर एकाच जागेतून पाच-सहा फुटवे निघतात आणि पुढे फळांच्या भाराने ती बेचकी फाटते. कड्याच्या खाली कापले तर फुटवे कमी आणि एकमेकांपासून अंतरावर येतात. त्यांतले वेगवेगळ्या दिशांना जाणारे तीन-चार ठेवून बाकीचे काढावेत. पुढे प्रत्येक फांदी सुमारे ५० सेंटिमीटर वाढली की तिचाही शेंडा मारावा. पहिली दोन-तीन वर्षे मोहोर काढून टाकणे जिवावर येते खरे, पण सांगाडा भक्कम व्हायचा तर तेच बरे.

फळधारणा सुरू झाल्यावर छाटणीची वेळ ठरलेली : फळे उतरवल्याबरोबर. मोहोर प्रामुख्याने फांदीच्या शेंड्यावर येतो, तोही पक्व झालेल्या काडीवर. छाटणी लांबली, तर नव्या पालवीला पक्व व्हायला वेळ मिळत नाही आणि त्या हंगामात नुसती पानेच दिसतात. परसबागेतले झाड ‘फळतच नाही’ या तक्रारीमागे बहुधा हीच चूक असते. नाही तर नत्रखताचा अतिरेक. त्याच वेळी झाडाच्या मध्यातली एखादी उभी फांदी काढून आत ऊन-वारा खेळता केला, तर भुरी आणि करपा हे बुरशीजन्य रोगही आटोक्यात राहतात. कापलेल्या जागेतून गळणारा चीक कातडीला भाजतो, म्हणून हातमोजे वापरावेत.

व्यापारी बागांत वाढ रोखून मोहोर आणण्यासाठी पॅक्लोब्युट्राझोल मुळांशी देतात. हे रसायन झाडातील जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक तयार होणे अडवते. मात्र ते मातीत दीर्घकाळ टिकते आणि मात्रा चुकली तर फुटवे आखडून गुच्छासारखे होतात. अंगणातल्या एक-दोन झाडांसाठी त्याची गरज नाही.

मोठ्या कुंडीतही आंबा येतो. तिथे मुळांवरच मर्यादा पडल्याने वाढ आपोआप मंदावते, पण मुळे कुंडीच्या कडेने गोल फिरू लागली की दर काही वर्षांनी झाड काढून ती छाटावी लागतात आणि माती बदलावी लागते.