हॉट एअर हीटरमध्ये काय घालायचं: रॉकेल, डिझेल की गॅस?

आपल्या कोल्हापुरात हीटरची मागणी थंडीपेक्षा पावसाळ्यात जास्त. जून सरला की उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांकडून फोन सुरू होतात: ओतकामाच्या साच्यावरचं पाण्यात कालवलेलं कोटिंग (लेप) वाळत नाही, रंग चिकट राहतोय, पॅटर्न (साचा उठवायचे लाकडी नमुने) फुगलेत. हीटर घेताना किंवा भाड्यानं नेताना प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "यात स्वस्तात काय चालेल?" त्याचं सविस्तर उत्तर म्हणून हे माहितीपत्रक.

तोफेच्या नळीसारखा, चाकांवर ढकलत नेता येणारा हा हीटर आतून साधा आहे. छोटा पंप दाबाची हवा नोझलला देतो, त्या हवेबरोबर टाकीतलं तेल ओढलं जाऊन बारीक तुषार उडतात, स्पार्क त्यांना पेटवतो आणि मागचा पंखा गरम हवा पुढे फेकतो. ज्योत विझली तर तेल बंद करायला आत एक फोटोसेल (ज्योतीचा उजेड ओळखणारा भाग) असतो. नोझलचं छिद्र इतकं बारीक की तेलातला कचरा डोळ्यांना दिसत नसला तरी ते तुंबवायला पुरतो. त्यामुळे तेल कोणतंही घ्या, ते स्वच्छ हवंच.

इंधनाच्या आधी चिमणीचं ठरवा

बिनचिमणीच्या हीटरमध्ये ज्योतीवरून गेलेली हवा धुरासकट थेट शेडमध्ये येते. चिमणीवाल्यात धूर पाइपातून बाहेर जातो आणि आत फक्त तापलेली हवा येते. बिनचिमणीचा स्वस्त, आणि सगळी उष्णता आतच राहते, म्हणून लोक तोच नेतात. पण इंधन जळलं की पाणी तयार होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. एक लिटर रॉकेल जळलं की सुमारे 1.1 लिटर पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. डिझेलचं साधारण एक लिटर. गॅसचं (एलपीजी) तर किलोमागे दीड लिटरच्याही वर.

हा धडा आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो. एका जुलैमध्ये शिरोलीतल्या एका मशीन शॉपला आम्ही रॉकेलचा बिनचिमणीचा हीटर दिला आणि "पाऊस आत येऊ नये म्हणून दारं लावून घ्या" असंही सांगितलं. रात्रभर हीटर चालला. सकाळी लेथच्या बेडवर बोट फिरवलं तर बोट ओलं झालं. दुपारपर्यंत घासलेल्या पृष्ठभागावर तांबूस गंज दिसायला लागला. ते बेड आम्ही स्वतः जाऊन पॉलिश पेपरनं घासून दिले आणि तेव्हापासून हा हिशोब प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

25 अंशांची पूर्ण ओली हवा घनमीटरमागे सुमारे 23 ग्रॅम पाणी धरते. तीच 35 अंशांवर नेली की जवळपास 40 ग्रॅम धरू शकते, म्हणून गरम हवेत माल वाळतो. आता शेड 400 घनमीटरची आणि हीटर 30 किलोवॅटचा धरा. तासाला तीन लिटर रॉकेल जळेल आणि सव्वातीन लिटर पाणी हवेत जाईल, म्हणजे घनमीटरमागे आठ ग्रॅम. दारं बंद असतील तर हीटर थांबून हवा गार झाल्यावर हे पाणी थंड लोखंडावरच बसणार. हा एका तासाचा हिशोब झाला. आमच्या त्या चुकीत हीटर रात्रभर चालला होता.

म्हणून माल वाळवायचा असेल आणि आत घासलेलं लोखंड असेल तर चिमणीवालाच घ्या. बिनचिमणीचा वापरायचाच असेल तर ओली हवा बाहेर जाऊ द्या. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये 30 किलोवॅटला किमान तीन चौरस फूट उघडी जागा सांगितलेली असते. ती जिवासाठीही लागते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. कुणाचं डोकं दुखायला लागलं की आधी माणसं बाहेर काढा, मग हीटरकडे बघा.

रॉकेल

तेलाच्या हीटरसाठी आमची पहिली पसंती पांढऱ्या रॉकेलला. ते पातळ असल्यानं तुषार बारीक होतात, काजळी कमी धरते, वासही कमी येतो. अडचण मिळण्याची आणि दराची. रेशनचं निळं रॉकेल स्वयंपाकासाठी आणि दिव्यासाठी असतं. ते कारखान्यात जाळणं बेकायदेशीर आहे. कुणी स्वस्तात देत असलं तरी घेऊ नका.

डिझेल

बहुतेक गिऱ्हाईक शेवटी डिझेलवरच येतं, कारण ते कोपऱ्यावरच्या पंपावर मिळतं. एप्रिल 2020 पासून मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक अगदी कमी, दहा लाखांत दहा भागांपर्यंतच असतं, त्यामुळे पूर्वीसारखा घशाला झोंबणारा धूर होत नाही. पण डिझेल रॉकेलपेक्षा जाड. चालू-बंद करताना वास येतोच आणि नोझल, फिल्टर लवकर साफ करावे लागतात. हीटरच्या प्लेटवर डिझेल लिहिलं असेल तरच घाला, आणि रॉकेलवरून डिझेलवर जाताना पंपाचा दाब आमच्याकडून तपासून घ्या. फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) वाळूची धूळ पंपाच्या एअर फिल्टरवर बसते, हवा कमी पडते, दाब उतरतो आणि ज्योत बिघडते. लोक तेलाला दोष देतात, पण फिल्टर काढून हातावर झटकला की मूठभर धूळ निघते.

गॅस

गॅस सगळ्यांत स्वच्छ जळतो. कोअर शॉपमध्ये (साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे जिथे बनतात तिथे) किंवा काजळीचा ठिपका चालत नाही अशा कामाला आम्ही तोच सुचवतो. पाण्याचा हिशोब मात्र इथेही लागू. सिलिंडर 19 किलोचा व्यावसायिकच हवा, घरगुती चालणार नाही. 30 किलोवॅटचा हीटर तासाला सव्वादोन किलोच्या वर गॅस ओढतो. एकाच सिलिंडरवर इतका ओढला की सिलिंडर गार पडतो, बाहेरून पांढरा थर धरतो आणि ज्योत मंदावते. अशा वेळी सिलिंडर हीटरसमोर ठेवलेला आम्ही पाहिलाय. कृपा करून असं कधीही करू नका. दोन सिलिंडर जोडून घ्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खड्ड्यात साचतो. म्हणून जमिनीत पिट (खड्डा) असलेल्या शेडमध्ये आम्ही गॅसचा हीटर देत नाही.

दर कसा काढायचा

एक लिटर रॉकेल किंवा डिझेल साधारण 10 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता देतं, एक किलो गॅस 12.8 युनिट. त्या दिवशीच्या दराला या आकड्यानं भागा, म्हणजे एका युनिटचा खर्च निघेल. चिमणीवाल्यात थोडी उष्णता धुराबरोबर जाते, तेवढी सूट धरा.

हे कधीच नको

पेट्रोल, थिनर, जळकं ऑइल, फर्नेस ऑइल यांपैकी काहीही टाकीत घालू नका, डिझेलमध्ये मिसळूनसुद्धा नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंशांनाही पेट घेते. थिनरचा रंग मारलाय किंवा आयपीएचं (आयसोप्रोपिल अल्कोहोल, पेटणारं द्रव) कोटिंग लावलंय, अशा बंद खोलीत उघड्या ज्योतीचा कोणताही हीटर लावू नका.

तेलाबद्दल शंका असेल तर काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवा आणि उजेडात धरा. तळाशी पाण्याची रेघ दिसली किंवा तेल गढूळ वाटलं तर ते टाकीत जाऊ देऊ नका. ठरवता येत नसेल तर बाटली दुकानात घेऊन या, बघून सांगण्याचे पैसे लागत नाहीत.