संदिग्ध मेथड त्रुटी (जावा)

जावा भाषेत एकाच नावाच्या दोन मेथड (नाव दिलेले कोडचे तुकडे) एकाच कॉलला (मेथड वापरण्याच्या सूचनेला) लागू पडतात आणि त्यांपैकी कोणतीही दुसरीहून अधिक नेमकी ठरत नाही, तेव्हा कंपायलर (कोड तपासून चालण्याजोग्या रूपात आणणारा प्रोग्रॅम) ‘रेफरन्स इज अँबिग्युअस’ अशी त्रुटी देऊन थांबतो. २००४ मध्ये जावा ५ बरोबर जेनेरिक्स (प्रकार वापराच्या वेळी ठरवू देणारी सोय) आणि २०१४ मध्ये जावा ८ बरोबर लॅम्डा (बिननावाचे छोटे फंक्शन) आल्यानंतर या त्रुटीची गुंतागुंत बरीच वाढली.

मेथडची निवड तीन टप्प्यांत होते. आधी आर्ग्युमेंटचे (मेथडला दिलेल्या मूल्यांचे) प्रकार थेट जुळतात का ते पाहिले जाते, मग बॉक्सिंग (साधे मूल्य ऑब्जेक्टमध्ये गुंडाळणे) धरून आणि शेवटी आर्ग्युमेंटची संख्या बदलती धरून. ज्या टप्प्यात लागू पडणारी मेथड सापडते, त्याच्या पुढे कंपायलर जात नाही.

देवगडच्या एखाद्या बागायतदाराच्या हापूसचा हिशेब घेऊ. जावात नावे देवनागरीतही देता येतात, म्हणून क्लासचे नाव ‘पेटी’ आणि पेटी किती डझनी आहे हे इंटमध्ये सांगणारी तिची मेथड ‘डझन’ असे मानू. ‘मोजा’ या नावाच्या दोन मेथड आहेत: एक फंक्शन<पेटी, इंटीजर> घेते, दुसरी टू-इंट-फंक्शन<पेटी>. पहिल्या प्रकारातून इंटीजर (ऑब्जेक्टरूपातला पूर्णांक) मिळतो, दुसऱ्यातून साधा इंट. आता मोजा(प -> प.डझन()) असे लिहिले, की त्रुटी येते. माणसाला उत्तर उघड दिसते. परंतु ‘प’चा प्रकार लिहिलेला नसल्यामुळे मेथड निवडताना कंपायलर लॅम्डाच्या आत डोकावतच नाही आणि दोन्ही मेथड समान पात्र राहतात. (पेटी प) -> प.डझन() किंवा पेटी::डझन असे लिहिल्यास टू-इंट-फंक्शनची मेथड निवडली जाते. मेथड आपल्याच हातातल्या असतील तर त्यांना वेगळी नावे देणे सर्वांत चांगले. क्रम लावण्यासाठी असलेल्या जावाच्या कम्पॅरेटरमध्ये ‘कम्पेअरिंग’ आणि ‘कम्पेअरिंगइंट’ अशी दोन नावे आहेत, ती याच अडचणीमुळे.

त्रुटी न येता चुकीची मेथड निवडली जाणे याहून घातक आहे. ‘घ्या’ ही मेथड <टी> टी असा जेनेरिक प्रकार परत करत असेल, तर स्ट्रिंग.व्हॅल्यूऑफ(घ्या("गाव")) हा कॉल जावा ७ मध्ये व्हॅल्यूऑफ नावाच्या अनेक मेथडपैकी ऑब्जेक्टवाल्या (कोणतेही ऑब्जेक्ट घेणाऱ्या) मेथडकडे जात असे. जावा ८ पासून अपेक्षित प्रकार पाहून ‘टी’ ठरवला जातो, त्यामुळे अधिक नेमकी म्हणून कॅर-अॅरेवाली (अक्षरांची रांग घेणारी) मेथड निवडली जाते. कोड विनातक्रार कंपाइल होतो आणि ‘रत्नागिरी’ ही स्ट्रिंग हाती येताच क्लासकास्ट एक्सेप्शनने (प्रकार न जुळल्याच्या, चालताना येणाऱ्या त्रुटीने) कोसळतो. घ्या("गाव")चे मूल्य आधी स्ट्रिंग प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवले, की हा दोष जातो.

तपासताना त्रुटीसंदेशातील दोन्ही सिग्नेचर (मेथडचे नाव आणि आर्ग्युमेंटचे प्रकार) शेजारी मांडून वाचाव्यात आणि लांबलचक कॉल व्हेरिएबलमध्ये तोडत जावे. जावासी (javac, जावाबरोबर येणारा कंपायलर) आणि एक्लिप्स या कोड लिहिण्याच्या साधनाचा कंपायलर यांचे निकाल काही वेळा जुळत नाहीत, म्हणून तोच कोड दोन्हींवर चालवून पाहावा.