जोराचे इंजेक्शन आणि रक्त न पोचणारे हाड

अपघातात नडगीचे हाड मोडून कातडीबाहेर आलेला तरुण, तळपायाची जखम भरत नसलेला मधुमेही, महिनोन्‌महिने पडून राहिल्याने माकडहाडाशी शय्याव्रण झालेले आजोबा, यांच्यापैकी कोणाच्याही हाडात पू झाला की नातेवाईक डॉक्टरांना हमखास विचारतात, की याहून जोराचे इंजेक्शन नाही का? औषध दुर्बळ म्हणून आजार हटत नाही, असा त्यामागचा समज आहे. जुनाट अस्थिसंसर्गात मात्र बहुधा औषध जंतूंपर्यंत पोचतच नसते.

हाड जिवंत असते आणि त्याला रक्त लागते. आत साठलेल्या पुवाचा दाब वाढला की बारीक रक्तवाहिन्या दबतात व हाडाचा एखादा तुकडा मरतो. या मृत तुकड्याला डॉक्टर सिक्वेस्ट्रम म्हणतात. प्रतिजैविक रक्तातूनच येणार आणि या तुकड्यात तर रक्तच नाही. शिवाय त्यावर किंवा मोड जोडण्यासाठी बसवलेल्या प्लेटवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा नेहमीचा जंतू चिकट आवरण, म्हणजे बायोफिल्म, तयार करून त्याखाली निवांत राहतो.

याहूनही विलक्षण गोष्ट 2017 साली अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवली. हाडातील पेशी एकमेकींशी अतिसूक्ष्म नलिकांनी जोडलेल्या असतात. या नलिका साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहूनही अरुंद असतात, तर हा गोल जंतू सुमारे एक मायक्रॉनचा असतो आणि त्याला हालचालीसाठी शेपटीही नसते. तरीही संसर्ग झालेल्या उंदरांच्या हाडांत तो या नलिकांमध्ये लांबट, चेपलेल्या आकारात ओळीने शिरलेला आढळला. जंतूचे विभाजन होताना त्याची नवी पेशी नलिकेच्या तोंडात ढकलली जाते आणि अशा रीतीने वसाहत आत सरकते, असे संशोधकांचे अनुमान आहे. जंतूंशी लढणारी, दहा-बारा मायक्रॉनची रक्तातील पांढरी पेशी तिथे पाठलाग करूच शकत नाही. पुढे मधुमेही रुग्णांच्या पायाच्या हाडांतही हेच दृश्य दिसले.

म्हणूनच उपचाराचा कणा शस्त्रक्रिया हा आहे. कापलेल्या हाडातून रक्ताचे ठिपके उमटेपर्यंत मृत भाग काढायचा, पोकळीत गरजेप्रमाणे प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचे मणी ठेवायचे आणि हाडाच्या खोल भागातील नमुना तपासून औषध ठरवायचे, असा क्रम असतो. जखमेच्या तोंडावरचा पू तपासल्यास अनेकदा भलताच जंतू सापडतो. औषध साधारण सहा आठवडे चालते. ते शिरेतूनच हवे, हा आग्रहही आता सैल झाला आहे. ब्रिटनमधील 1,054 रुग्णांच्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरात उपचार फसण्याचे प्रमाण इंजेक्शनच्या गटात 14.6 टक्के आणि गोळ्यांच्या गटात 13.2 टक्के होते.

पू वाहणाऱ्या छिद्रावर लेप लावून ते बुजवण्याचे उपाय आजही सुचवले जातात आणि मला त्यांची खरोखर चीड येते. तोंड मिटले तरी आतला मृत तुकडा तसाच राहतो आणि पू दुसरीकडून वाट काढतो.

योग्य उपचारांनंतरही काहींचा आजार अनेक वर्षांनी उलटतो. कित्येक वर्षे वाहणाऱ्या छिद्राच्या कडेला क्वचित त्वचेचा कर्करोग होतो, त्यामुळे तिथे मांस वाढू लागले, रक्त येऊ लागले किंवा दुखणे अचानक बळावले, तर त्या भागाचा तुकडा काढून तपासून घ्यावा.