चालू व्हर्च्युअल मशीन न थांबवता व्यवस्थापन सेवेची दुरुस्ती

व्हर्च्युअल मशीन (एका खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने चालणारा आभासी संगणक) तयार करणारी, ती सुरू-बंद करणारी आणि एका होस्टवरून, म्हणजे खऱ्या संगणकावरून, दुसऱ्यावर हलवणारी सेवा कोलमडली, तरी आधीपासून चालू असलेली मशीन बहुधा चालूच राहतात. त्यांना हात न लावता ती सेवा पुन्हा उभी करणे म्हणजे ही दुरुस्ती. मशीन चालवणारा भाग आणि तिला हुकूम देणारा भाग वेगळे असतात, म्हणून हे जमते. लिनक्सवरील केव्हीएम या व्हर्च्युअलायझेशन यंत्रणेत प्रत्येक मशीन ही क्यूएमू या प्रोग्रामची स्वतंत्र प्रोसेस असते. लिबव्हर्ट ही व्यवस्थापन सेवा. तो ती सुरू करून देतो आणि पुढे एका सॉकेटवरून (प्रोसेसमधल्या संवादाच्या जोडणीवरून) तिच्याशी बोलत राहतो. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर होस्टडी ही व्यवस्थापन सेवा आणि मशीनच्या व्हीएमएक्स प्रोसेस अशीच विभागणी आहे. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्येही व्यवस्थापन सेवा एक आणि प्रत्येक मशीनची वर्कर प्रोसेस निराळी.

म्हणून पहिले काम मशीन खरोखर जिवंत आहेत का हे पाहण्याचे. हे कन्सोलवरून, म्हणजे व्यवस्थापनाच्या पडद्यावरून, ठरवू नये. होस्टवरची प्रोसेस यादी पाहावी, मशीनमधले अ‍ॅप्लिकेशन उत्तर देते का ते तपासावे. तिथे ‘डिस्कनेक्टेड’ दिसले म्हणून होस्ट रीबूट करणे म्हणजे चालू कामे स्वतःच्या हाताने बंद पाडणे. त्याहून घातक चूक म्हणजे मशीन मेली असे समजून तीच दुसऱ्या होस्टवर सुरू करणे. एकाच डिस्कवर दोघे लिहू लागले की फाइल सिस्टम खराब होते आणि ती बहुधा बॅकअपवरूनच परत आणावी लागते. २०१७ मधल्या क्यूएमू २.१० पासून डिस्क इमेजला (मशीनची डिस्क असलेल्या फाइलला) लॉक लागतो, पण दोन होस्टमध्ये वाटून घेतलेल्या ब्लॉक डिव्हाइसला (फाइल नव्हे, थेट डिस्कला) त्याचे संरक्षण मिळत नाही.

रीस्टार्ट करण्याआधी लॉग वाचावा. भरलेले लॉग पार्टिशन, मुदत संपलेले सर्टिफिकेट, बंद पडलेला डेटाबेस ही नेहमीची कारणे. स्टोरेज अडकले असेल, तर प्रोसेस कर्नलमध्ये आयओची (डिस्कवरच्या वाचन-लेखनाची) वाट पाहत थांबते. तेव्हा प्रोसेस मारणाऱ्या ‘किल’ आज्ञेचाही उपयोग होत नाही आणि रीस्टार्ट केलेली सेवा पुन्हा तिथेच अडकते, आधी स्टोरेज सोडवावे लागते.

लिबव्हर्टचा रीस्टार्ट निर्धोक ठरतो तो त्याच्या रचनेमुळे. लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा सिस्टमडी एरवी सेवा थांबवताना तिच्या गटातल्या सगळ्या प्रोसेस मारतो. लिबव्हर्टच्या युनिट फाइलमध्ये (सिस्टमडीसाठीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) मात्र फक्त मुख्य प्रोसेस थांबवण्याची सूचना असते. पुन्हा उठल्यावर लिबव्हर्ट प्रत्येक चालू मशीनची स्टेटस फाइल वाचतो आणि तिच्या मॉनिटर सॉकेटला जोडून घेतो. या फाइली ‘जुना कचरा’ म्हणून पुसल्या, तर मशीन चालू राहते पण लिबव्हर्टला तिची ओळखच उरत नाही. शेजारच्या सेवांना मात्र हा नियम लागू नाही. ‘लिबव्हर्ट-गेस्ट्स’ ही सेवा थांबवली तर ती मशीनच सस्पेंड किंवा शटडाउन करते. व्हर्टलॉगडी या लॉग लिहिणाऱ्या सेवेकडे मशीनच्या लॉगचे पाइप असतात, म्हणून तो थांबवू नये. गरज पडल्यास रीलोड करावा.

क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या होस्टच्या गटात, आणखी सांभाळावे लागते. सर्व ईएसएक्सआय होस्ट सांभाळणारे व्हीसेंटर बंद असले तरी त्या होस्टवरची हाय अव्हेलेबिलिटी (एचए; होस्ट बंद पडल्यास त्याच्या मशीन दुसरीकडे सुरू करणारी सोय) होस्टमधल्या एजंटमुळे चालू राहते. प्रॉक्समॉक्स या केव्हीएमवरच्या प्रणालीत उलट धोका आहे: एचए चालू असलेल्या नोडचा (क्लस्टरमधल्या होस्टचा) कोरम, म्हणजे बहुमताशी असलेला संपर्क, गेला, की सुमारे ६० सेकंदांत वॉचडॉग हा पहारेकरी टायमर तो नोडच रीबूट करतो. त्यामुळे नोडना जोडणाऱ्या कोरोसिंकला हात लावण्याआधी एचए सेवा थांबवाव्यात. झेन या हायपरवायझरवर (मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) झॅपी हा व्यवस्थापनाचा टूलस्टॅक रीस्टार्ट करता येतो, पण झेनस्टोअर ही माहिती साठवणारी सेवा मरू देऊ नये. मशीनची चालू स्थिती तिच्याकडे असते आणि ती गेली, की बहुधा होस्ट रीबूट करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

सेवा उठल्यावर प्रोसेस क्रमांक आणि मशीनमधला अपटाइम (ती किती वेळ सलग चालू आहे ते) आधीच्या नोंदीशी ताडून पाहावा. एखादी मशीन यादीत आलीच नाही, तर घाईने नवी सुरू करू नये. सोयीची वेळ ठरवून ती तिच्या आतूनच नीट शटडाउन करावी, जुनी प्रोसेस संपल्याची खात्री करावी, मगच ती पुन्हा सुरू करावी.