जागृतीच्या कार्यक्रमातून नेमके काय बदलते?

दर वर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन पाळला जातो. ‘वर्ल्ड फेडरेशन फॉर मेंटल हेल्थ’ या संस्थेने १९९२ मध्ये त्याची सुरुवात केली आणि आता त्या निमित्ताने व्याख्याने, पदयात्रा, पथनाट्ये, चर्चासत्रे असे नाना कार्यक्रम होतात. त्यांच्या गरजेबद्दल वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगातील सुमारे ९७ कोटी माणसे, म्हणजे दर आठांमागे एक, कोणत्या ना कोणत्या मनोविकारासह जगत होती आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना परिणामकारक उपचार मिळत नव्हते. प्रश्न आहे तो दोन-तीन तासांच्या कार्यक्रमाने ऐकणाऱ्याच्या वागण्यात खरोखर काही बदलते का, आणि बदलत असेल तर कार्यक्रमातील कोणत्या भागामुळे, हा. या प्रश्नाची संशोधनातून मिळालेली उत्तरे आयोजकांच्या काही आवडत्या समजुतींना धक्का देणारी आहेत.

यांतील पहिली समजूत अशी, की लोकांना माहिती नसते म्हणून ते मनोविकार असलेल्या माणसाला टाळतात, आणि माहिती दिली की ही अढी आपोआप सुटते. अमेरिकेत १९९६ आणि २००६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणांची तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. नैराश्याचे मूळ मेंदूतील जैविक प्रक्रियांत आहे असे मानणाऱ्यांचे प्रमाण या दहा वर्षांत ५४ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले होते आणि उपचारांना पाठिंबाही वाढला होता. मात्र अशी व्यक्ती शेजारी किंवा सहकारी म्हणून चालेल का, या प्रश्नावरील नाखुशी जवळजवळ होती तिथेच राहिली. याचे एक संभाव्य स्पष्टीकरण असे, की जैविक कारण सांगितल्याने दोष देणे कमी होते, पण त्याच वेळी ‘हा माणूस मुळातच वेगळा आहे आणि तसाच राहणार’ ही भावना बळावू शकते. मेंदूच्या रंगीत चित्रांनी भरलेले सादरीकरण त्यामुळे ज्ञानात भर घालते, सहवासाची तयारी मात्र वाढवतेच असे नाही.

अढी कशाने कमी होते, याचे उत्तर शोधताना संशोधक एका जुन्या सिद्धांताकडे वळले. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले होते, की परस्परांविषयी पूर्वग्रह असलेल्या गटांचा प्रत्यक्ष संपर्क आला तर पूर्वग्रह घटतात. पण त्यासाठी दोघांचा दर्जा त्या प्रसंगापुरता तरी समान असावा, उद्दिष्ट सामाईक असावे, ते गाठण्यासाठी सहकार्य करावे लागावे आणि संस्थेचा किंवा समाजाचा त्याला पाठिंबा असावा. हा विचार मनोविकारांच्या बाबतीत कितपत लागू पडतो, याचा मोठा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. १४ देशांतील ७२ अभ्यास आणि ३८ हजारांहून अधिक सहभागी त्यात होते. प्रौढांच्या बाबतीत केवळ माहिती देण्यापेक्षा मनोविकाराचा अनुभव असलेल्या व्यक्तीशी झालेला संपर्क अधिक परिणामकारक ठरला आणि चित्रफितीपेक्षा समोरासमोरची भेट अधिक प्रभावी दिसली. किशोरवयीनांत मात्र चित्र उलटे होते; तिथे शिक्षणाचा परिणाम संपर्कापेक्षा जास्त होता. एकच कार्यक्रम सर्व वयोगटांसाठी जसाच्या तसा वापरणे किती चुकीचे ठरते, हे यावरून लक्षात यावे.

इंग्लंडमध्ये २००७ ते २०२१ या काळात चाललेल्या ‘टाइम टू चेंज’ या मोहिमेने ही कल्पना उघड्या मैदानावर नेली. तिच्या सार्वजनिक कार्यक्रमांत मनोविकाराचा अनुभव असलेले स्वयंसेवक येणाऱ्या-जाणाऱ्यांशी थेट बोलत. या कार्यक्रमांचा अभ्यास झाला तेव्हा ऑलपोर्टच्या अटी जिथे अधिक पूर्ण झाल्या, तिथल्या सहभागींमध्ये अशा व्यक्तीसोबत राहण्याची किंवा काम करण्याची तयारी अधिक दिसली.

या निष्कर्षाच्या कसोटीवर नेहमीचा कार्यक्रम तपासला तर त्याची रचनाच उलटी वाटते. व्यासपीठावर तज्ज्ञ तासभर बोलतात आणि आजारातून गेलेल्या व्यक्तीला अखेरची पाच मिनिटे मिळतात, तीही आभारप्रदर्शनाची घाई झालेली असताना. दर्जाची समानता अशा रचनेत उरत नाही. वक्ता कोण असावा, याबद्दलही संशोधनात उपयोगी संकेत आहेत. अफाट यश मिळवलेल्या प्रसिद्ध व्यक्तीकडे श्रोते अपवाद म्हणून पाहतात, तर केवळ वेदनेचीच कहाणी ऐकवली की जुनी प्रतिमा घट्ट होते. अडचणी अजूनही आहेत, पण नोकरी, नाती आणि रोजचे व्यवहार सांभाळतो आहे, अशा आपल्यासारख्याच माणसाचे बोलणे सर्वांत जास्त पटते. अर्थात, त्या व्यक्तीने काय सांगायचे आणि काय राखून ठेवायचे, हे तिचे तिने आधी ठरवलेले असावे, आणि कार्यक्रमानंतर तिच्या सोबत कोणीतरी असावे.

सामूहिक उपक्रमांचा हिशेब वेगळा आहे. प्रौढांच्या नव्या वर्गांची तुलना करणाऱ्या २०१५ मधील एका ब्रिटिश अभ्यासात, हस्तकला किंवा लेखनाच्या वर्गांपेक्षा एकत्र गाणाऱ्यांत जवळीक लवकर निर्माण झाली. काही महिन्यांनी मात्र सर्वच वर्ग सारखेच जवळ आले होते. व्यायामाबाबतचा पुरावा त्याहून भक्कम आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१८ चाचण्या आणि १४ हजारांहून अधिक सहभागी असलेल्या विश्लेषणात चालणे, धावणे, योग आणि स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम यांनी नैराश्याची लक्षणे कमी होतात असे आढळले. मात्र या चाचण्यांत व्यायाम काही आठवडे नियमितपणे केलेला होता. एका सकाळच्या पदयात्रेला हा पुरावा चिकटवणे बरोबर नाही. तिचे मोल असलेच तर दर आठवड्याला भेटणाऱ्या गटाची नावनोंदणी तिथे होण्यात आहे.

चांगल्या हेतूचा उपक्रम निष्फळ ठरू शकतो, हेही मोजले गेले आहे. ब्रिटनमधील ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, आणि माइंडफुलनेसचे, म्हणजे वर्तमान क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याचे, सरसकट दिलेले धडे शाळेतील नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा सरस ठरले नाहीत.

सर्वाधिक सावधगिरी लागते ती कार्यक्रमात मांडल्या जाणाऱ्या तपासणीच्या टेबलापाशी. नैराश्यासाठी तिथे बहुधा ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. तिचे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा अधिक गुण आले तर पुढील तपासणी सुचवली जाते. सविस्तर मुलाखतीशी ताडून पाहता, ती नैराश्य असलेल्या सुमारे ८८ टक्के व्यक्तींना ओळखते आणि नसलेल्या सुमारे ८५ टक्क्यांना बरोबर वगळते. आकडे उत्तम वाटतात. आता समजा, हजार जणांनी ती भरली आणि त्यांतील ५० जणांना खरोखर नैराश्य आहे. प्रश्नावली त्यांच्यापैकी ४४ जणांना ओळखेल. पण उरलेल्या ९५० जणांपैकी सुमारे १४३ जणांनाही विनाकारण इशारा मिळेल. म्हणजे १८७ इशाऱ्यांपैकी एक चतुर्थांशही खरे नसतील. प्रश्नावली टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. ती निदान करत नाही, केवळ पुढे कोणाशी बोलावे हे सुचवते. म्हणून गुण लिहिलेला कागद हातात देऊन माणसाला परत पाठवणे योग्य नाही. समजावून सांगणारी प्रशिक्षित व्यक्ती आणि भेटीची वेळ देऊ शकणारी सेवा नसेल, तर ते टेबल न मांडलेलेच बरे. नवव्या प्रश्नात मरणाच्या विचारांची विचारणा आहे. असे विचारल्याने धोका वाढतो, या भीतीला संशोधनाचा आधार नाही. मात्र त्याला ‘हो’ असे उत्तर आले तर पुढे कोणी, किती वेळात, काय करायचे, हे कार्यक्रमापूर्वीच ठरलेले असावे लागते.

कार्यक्रम यशस्वी झाला की नाही, हे बहुतेक अहवाल उपस्थितीच्या आकड्यावरून ठरवतात. ‘टाइम टू चेंज’च्या कार्यक्रमांवरील त्या अभ्यासात सहभागींना काही आठवड्यांनी पुन्हा गाठून, ते मोहिमेशी जोडलेले राहिले का, हे विचारले गेले होते. आयोजकांना त्याहून सोपे मापही घेता येते: कार्यक्रमात दिलेल्या भेटीच्या वेळांपैकी किती प्रत्यक्षात पाळल्या गेल्या, आणि जे आले नाहीत त्यांना कोणी पुन्हा विचारले का.