पाणी बदललं की माशाचं अंगही बदलतं

जोरात वाहणाऱ्या पाण्यातले मासे बहुतेक वेळा सडपातळ आणि दोन्ही टोकांना निमुळते असतात, कारण प्रवाहात नुसतं एका जागी टिकायचं तरी सारखं पोहावं लागतं, आणि पाण्याचा विरोध जेवढा कमी तेवढी एनर्जी वाचते. डोंगरातल्या ओढ्यांतले काही लोच मासे तर पोट सपाट आणि बाजूचे पर रुंद पसरून सरळ दगडालाच चिकटून बसतात. तळ्यात उलटं. पाणी शांत, वनस्पतींची गर्दी, तिथे वेगापेक्षा चटकन वळता येणं महत्त्वाचं, म्हणून उंच आणि बाजूंनी चपटं अंग फायद्याचं.

इथपर्यंत ठीक, पण मला खरं भारी वाटतं ते एकाच जातीत हे होतं ते. युरोपातला क्रुशियन कार्प हा मासा घ्या. ज्या तळ्यात पाईक नावाचा शिकारी मासा नसतो तिथे हा कार्प बुटका, लांबट राहतो. पाईक आला की काही आठवड्यांतच त्याची पाठ वर चढायला लागते! पाईक शिकार अख्खी गिळतो, त्यामुळे जबड्यात मावणार नाही एवढा उंच मासा वाचतो. ब्रॉनमार्क आणि माइनर या संशोधकांनी 1992 मध्ये हे प्रयोग करून दाखवलं, आणि नंतर कळलं की पाईक समोर दिसायचीही गरज नाही, पाण्यात त्याचा वास असला तरी पुरतं. मग सगळे कार्प कायमच उंच का नसतात? तर उंच अंगाने पोहायला जास्त ताकद लागते, धोका नसताना तो खर्च कशाला करायचा.

पण दरवेळी बदल असा जगता जगता होत नाही हं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या काही तळ्यांत दोन प्रकारचे स्टिकलबॅक नावाचे छोटे मासे राहतात, मोकळ्या पाण्यात प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खाणारे सडपातळ आणि तळाशी किडे शोधणारे जाडजूड, रुंद तोंडाचे. दोघांची पिल्लं लॅबमध्ये सारख्याच पाण्यात वाढवली तरी बराचसा फरक राहतो, म्हणजे तो आनुवंशिक आहे, आणि ही तळी तर शेवटच्या हिमयुगानंतरची, उत्क्रांतीच्या हिशोबात अगदी कालची.

हे मोजायला फोटोवर डोळा, पराचं मूळ, शेपटीचा सांधा असे ठरावीक पॉइंट मार्क करतात आणि कॉम्प्युटरवर साइझचा फरक बाजूला काढून फक्त आकाराची तुलना करतात. अंड्यांनी भरलेली मादी उगाच उंच दिसते, तेही सांभाळावं लागतं. अशाच मोजमापातून अमेरिकेत दिसलंय की धरणामागच्या साठलेल्या पाण्यातले छोटे शायनर मासे वाहत्या ओढ्यांतल्या आपल्याच जातभाईंपेक्षा वेगळ्या आकाराचे झालेत, आणि ही धरणं बहुतेक गेल्या शतकातलीच आहेत.